उण्याची रेघ

४ जानेवारी

प्रिय स्वल्पविराम,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र न फोडताच परत पाठवायचा विचार असेल तर जरा थांब. काम आहे, आणि ते माझं नाही, तुझ्या भाचीचं, छोटीचं आहे.

फोन करून पाहिला. ताईचा फोन तू वर्षातून दोनदा घेतोस, 'बरं आहे, बरं आहे' म्हणतोस आणि ठेवतोस. माझा तर उचलतही नाहीस. म्हणून शाई आणि कागद. चोवीस वर्षांनी मेहुण्याला पत्र लिहिताना सुरुवात कशी करतात ते मला माहीत नाही, तेव्हा एकदम मुद्द्यावर येतो.

आपण बेकरीच्या वरच्या खोलीत प्रोग्राम लिहीत बसायचो, तेव्हा टेबलाखाली प्रिंटरच्या कागदाच्या भोकाभोकांच्या पट्ट्या गळ्यात घालून बसणारी तीन वर्षांची छोटी आता सत्तावीस वर्षांची आहे आणि मोबाइलसाठी ॲप बनवते. ज्यांच्यासाठी आपण तो प्रोग्राम लिहिला त्याच चष्मेवाल्यांच्या मुलाने तिला काम दिलंय. शाळांत जाऊन मुलांचे डोळे तपासायचे, चष्म्याचा नंबर फोनवर टिपायचा, तो थेट काचा घासणाऱ्या कारखान्यात पोहोचायचा. परवा चाचणी घेतली. बारा चिठ्ठ्या गेल्या, त्यातल्या पाचांवरचं उणे गायब! उणे दोन टिपलं, पोहोचलं नुसतं दोन. म्हणजे लांबचं न दिसणाऱ्या मुलाला बरोबर उलटा चष्मा.

तुला काय आठवलं असेल ते मलाही आठवलं. आपल्या प्रोग्रामनेही हेच केलं होतं. एकसष्ट मुलांना उलटे चष्मे गेले, एक मुलगी जिन्यावरून पडून तिचे पुढचे दोन दात तुटले, सगळ्यांसमोर तुझं नाव निघालं आणि तू खोलीची किल्ली टेबलावर ठेवून गेलास. जुनं उणंदुणं काढायला हे पत्र नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात चारशे मुलं तपासायची आहेत आणि छोटी जेवत नाहीये. आपल्या प्रोग्रामचा छापील कागद फक्त तुझ्याकडे आहे, माझी डिस्क केव्हाच मेली. चष्मेवाल्यांनी सांगितलेले तपासणीचे सगळे नियम त्यात आहेत. तो पाठव.

ताई बरी आहे. तुला लिहितोय हे तिला सांगितलेलं नाही. तू घरी येशील म्हणून आशा लावून बसेल, आणि तू येणार नाहीस.

तुझा भावोजी

१३ जानेवारी

भावोजींना नमस्कार.

पत्र मिळालं. मी आता शिवणयंत्रं दुरुस्त करतो. ती खोली सोडल्यापासून संगणकाला हात लावलेला नाही, त्यामुळे मोबाइलमधलं मला ओ की ठो कळत नाही.

पण गिऱ्हाईक येऊन 'यंत्र चालत नाही' म्हणतं, तेव्हा मी विचारतो की चालत नाही म्हणजे नेमकं काय होतं. तुम्ही लिहिलंय उणे गायब होतं. कुठे गायब होतं? टिपताना, पाठवताना की तिकडे छापताना? त्या पाच चिठ्ठ्या एकाच फोनवरून गेल्या का? छोटीच्या स्वतःच्या फोनवर होतं का? होत नसेल तर तिने तिथे शोधणं बंद करावं, दिव्याखाली उजेड आहे म्हणून हरवलेली सुई तिथे सापडत नाही. ज्याच्या हातून बिघडलं त्याच्या शेजारी तिने जाऊन बसावं आणि तोंड न उघडता नुसतं बघावं.

कागद कुठे आहे ते पाहावं लागेल.

ताईला माझा नमस्कार सांगता येणार नाही तुम्हाला, कारण तिला माहीतच नाही. तेव्हा राहू द्या.

(सही आहे तीच)

२० जानेवारी

प्रिय स्वल्पविराम,

सुंभ जळला तरी पीळ गेला नाही तुझा. पण तू सांगितलंस तसंच झालं.

छोटी आठवडाभर एकच पालुपद लावून बसली होती, 'माझ्या फोनवर तर चालतंय!' तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. ती तडक त्या शाळेत गेली आणि चित्रकलेच्या सरांशेजारी गप्प बसली. पाचही चिठ्ठ्या त्यांच्याच फोनवरून गेल्या होत्या. सरांनी नंबर टिपायला घेतला तर समोर आकडे आले, नुसते आकडे. त्यांच्या फोनच्या आकड्यांच्या कळफलकावर उण्याची कळच नाही! छोटीच्या फोनवर आहे, त्यांच्यावर नाही. सरांनी इकडेतिकडे पाहिलं, खांदे उडवले आणि दोन टिपून मोकळे. तिने विचारलं तर म्हणाले, "मला वाटलं ते आपोआप येत असेल."

मग तिने आकड्यांऐवजी अक्षरांचा पूर्ण कळफलक दिला. तर एका बाईंनी उण्याऐवजी लांब रेघ टाकली. आपल्याला दोन्ही रेघाच, पण संगणकाला ते वेगळं चिन्ह. ॲप जागच्या जागी मिटलं, आणि त्याआधी टिपलेले नऊ नंबरही गेले. आता तिने हात टेकलेत. पुढे काय करावं?

तिच्या मागे उभा राहून बघत होतो तेव्हा ती खोलीच डोळ्यांसमोर आली. भट्टी पेटली की फरशी तापायची आणि आपण पाय खुर्चीवर घेऊन काम करायचो. प्रिंटर सुरू झाला की खालून बेकरीवाला झाडूच्या दांड्याने छत ठोकायचा, आणि तू इकडून टाच आपटून त्याला उत्तर द्यायचास. एक संगणक, दोन खुर्च्या. एकाने लिहायचं, दुसऱ्याने चुका काढायच्या. तुझं ते नाव पडलं तो दिवस आठवतो का? तीन दिवस प्रोग्राम चालेना, मी सगळा पुसून नव्याने लिहायला निघालो होतो, आणि तू म्हणालास, "भावोजी, अठराव्या ओळीत स्वल्पविराम राहिलाय." मी तुला खांद्यावर घेऊन जिना उतरलो होतो. त्यानंतर मी पुष्कळ ठिकाणी नोकऱ्या केल्या, चांगल्या केल्या. तेवढा आनंद कुठल्याच कामात झाला नाही, हे तुला सांगायला चोवीस वर्षं लागली.

कागद पाठव रे.

तुझा भावोजी

३० जानेवारी

भावोजींना नमस्कार.

खांद्यावर घेतलंत ते आठवतं. दाराच्या चौकटीला माझं डोकं आपटलं होतं, ते तुम्ही सोयीस्कर विसरलात.

छोटीला सांगा, उणे माणसाला टिपायला लावूच नकोस. दोन मोठी बटणं कर, एकावर 'अधिक' आणि एकावर 'उणे'. दोन्हींपैकी कुठलंही आधीपासून दाबलेलं नको. एक दाबल्याशिवाय पुढे जाताच येऊ नये. लोक वैतागतील, वैतागू देत. रिकाम्या जागेला संगणक अधिक समजतो, तो काही विचारायला येत नाही. आणि प्रत्येक नंबर टिपला की तिथल्या तिथे साठव, नऊ होईपर्यंत थांबू नकोस. मिटायचं ते मिटतंच कधीतरी.

सोबत छापील पानं पाठवतोय. पेटीत तळाशी होती. नियम सतराव्या पानापासून आहेत. दोन डोळ्यांच्या नंबरांत तीनपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा विचारायचं, हा महत्त्वाचा, तो वगळू नका. आपण ओळींच्या मध्ये एकमेकांना ज्या टिपा लिहायचो त्या वाचताना हसू आलं. संगणक त्या वाचत नाही म्हणून काय वाट्टेल ते लिहायचो. नवव्या पानावर तुम्ही लिहिलंय, 'ही ओळ का चालते ते मला माहीत नाही, हात लावू नये.' त्याखाली मी लिहिलंय, 'हात लावला. आता चालत नाही.'

ताई तपासायला यायची तेही आठवलं. आपण दोघं बरोबर कळा दाबून खूश असायचो, आणि ती येऊन कळफलकावर कोपर टेकवायची. "माणसं अशीच वागणार," म्हणायची. तिच्या कोपराने जेवढ्या चुका काढल्या तेवढ्या माझ्या डोळ्यांनी काढल्या नाहीत. तिचे गुडघे दुखतात असं फोनवर म्हणाली होती. फार दुखतात का?

छोटी अजून डावखुरीच आहे का?

स्वल्पविराम

७ फेब्रुवारी

प्रिय स्वल्पविराम,

डावखुरी आहे आणि तुझ्यासारखीच हट्टी आहे. बटणं जमली! काल चाळीस नंबर टिपून पाहिले, सात वेगवेगळ्या फोनांवर. चाळीसही बरोबर. चित्रकलेच्या सरांनी दोनदा कुरकुर केली आणि मग मुकाट्याने बटण दाबलं. छोटी दोनदा भात मागून जेवली आणि म्हणाली, "मामाला बोलवा की आता."

तर आता मी थोडं बोलतो. पानं मोजली. एक ते बावीस. त्यात चौदावं नाही. तेरावं आहे, पंधरावं आहे. कागद सलग असतो, मधलं पान आपोआप गळत नाही, ते कोणीतरी फाडावं लागतं. वर-खाली काय आहे ते पाहिलं तर नंबर आत घेण्याचा आणि छापायला देण्याचा भाग तिथे येतो. म्हणजे जिथे ते उणे हरवलं होतं तिथलंच पान तू काढून ठेवलंयस.

अरे, ठेवू नकोस. छपाईचा भाग तुझा होता, त्यात चूक राहिली, राहते. तू चौतीस वर्षांचा होतास आणि दिवसाचे चौदा तास काम करत होतास. मी तेव्हा सगळ्यांसमोर बोललो ते रागात बोललो. आता राग नाही. मी तुला केव्हाच माफ केलंय, हे तुला कधी सांगितलं नाही एवढीच माझी चूक. पान पाठव, आपण दोघं मिळून बघू आणि हसू, आणि मग तू घरी ये. ताईला खरंच वाटेल तिचा भाऊ परत मिळाला.

तुझा भावोजी

१५ फेब्रुवारी

भावोजी,

पान चौदा सोबत आहे. मला माफी नको.

११ मार्च

प्रिय

काय लिहू? त्या नावाने हाक मारायचा मला आज अधिकार नाही, म्हणून नुसतं 'प्रिय' लिहून पुढे जातो.

तुझं पान येऊन तीन आठवडे झाले. पहिल्यांदा वाचलं तेव्हा काही कळलंच नाही, कारण मी तुझी चूक शोधत होतो. तू छपाईचा भाग लिहिलास, पण या पानावर माझ्या भागात तू एक ओळ घातली होतीस. चिन्हाची जागा रिकामी असेल तर थांब आणि विचार, अधिक की उणे. ती ओळ तिथे आहे. आणि तिच्या सुरुवातीला एक अवतरणचिन्ह आहे, म्हणजे संगणकाने ती वाचायची नाही. शेजारी टीप, 'प्रात्यक्षिकापुरती ओळ बंद. उद्या चालू करणे.' आणि खाली माझी सही, 'भा'. तारीख मुलांचे नंबर भरले त्याच्या दोन दिवस आधीची.

मग सगळं आठवलं. चष्मेवाले बघायला आले होते, प्रत्येक नंबराला प्रोग्राम थांबून विचारत होता आणि ते कंटाळले होते. मी म्हटलं, हे आत्ता बंद करतो. उद्या चालू करायचं राहिलं. पुढे गोंधळ झाला तेव्हा ती ओळ मला आठवलीसुद्धा नाही. मला खात्री होती की प्रिंटरची फीत जुनी झाली म्हणून रेघ उमटली नाही, आणि प्रिंटर तुझा. तू गेल्यावर मी फीत बदलली, नंबर भरणाऱ्या कारकुनाला उणे न विसरता दाबायला बजावलं, उणी यायला लागली, आणि मी सगळ्यांना सांगत सुटलो की बघा, छपाईतच चूक होती. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. आणि वर तुला माफ करायला निघालो होतो. ते पत्र आठवलं की अजून कानशिलं तापतात.

चारशे मुलांची तपासणी गेल्या आठवड्यात झाली. एकही चिठ्ठी चुकली नाही. दुसऱ्या दिवशी मी थोरल्या चष्मेवाल्यांकडे गेलो. आता खाटेवरच असतात. त्यांना म्हटलं, चोवीस वर्षांपूर्वी तुमच्यासमोर ज्याच्यावर बोट दाखवलं त्याची चूक नव्हती, माझी होती. ते म्हणाले, "कोण मुलगा? कसली चूक?" त्यांना काहीसुद्धा आठवत नाही. ज्या माणसासमोर तुझी मान खाली गेली तो केव्हाच विसरून गेलाय, आणि मी कोणापुढे कबूल करू ते मला कळेना. मी तिथेच रडलो. त्यांच्या सुनेने पाणी आणून दिलं.

छोटीला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, असं सगळ्यांकडून होतं." मी तिच्यावर ओरडलो. सगळ्यांकडून होतं, पण सगळे दुसऱ्याच्या नावावर टाकत नाहीत.

ताईला अजून सांगितलेलं नाही. चोवीस वर्षं तिने फक्त माझी बाजू ऐकली. तिच्यासमोर उभं राहायची हिंमत होत नाही. तू चौदावं पान कोणत्या दिवशी पाहिलं होतंस ते एवढं सांग. आणि मला शिव्या दे, तू अजून एकही दिलेली नाहीस.

भावोजी

२० मार्च

भावोजींना नमस्कार.

शिव्या तयार होत्या. पहिली दहा वर्षं रोज एक नवी सुचायची. आता आठवत नाहीत, आणि जुन्या शिव्या परत द्यायला मजा येत नाही.

सगळ्यांसमोर माझं नाव निघालं त्याच दिवशी संध्याकाळी मी चौदावं पान पाहिलं. सगळा प्रोग्राम छापून काढला आणि ओळ न् ओळ वाचली. सापडलं तसा कागद घेऊन तुमच्या घरी आलो. दार उघडंच होतं. तुम्ही आतल्या खोलीत ताईला सांगत होतात, "तुझ्या भावाने सगळं घालवलं." मी दारात थांबलो. ताई आता बोलेल, म्हणेल की तो असं करणार नाही, म्हणून थांबलो. ती काहीच बोलली नाही. मी आलो तसा परत गेलो आणि दुसऱ्या दिवशी किल्ली ठेवली.

तुम्हाला वाटत असेल मी तुमची चूक पोटात घातली. तसं काही नाही, मला एवढं मोठं करू नका. मी वाट बघत होतो. तुम्हाला ती ओळ स्वतःहून सापडावी, तुम्ही धावत यावं आणि ताईने तुमच्यामागून यावं, हे मी रोज मनात रंगवायचो. पान जपून ठेवलं ते त्यासाठी. ती फोन करायची, मी 'बरं आहे' म्हणून ठेवायचो, की तिलाही कळू दे. काय कळायचं होतं तिला? तिला तर काही माहीतच नव्हतं. सगळ्या जगाला सांगत आलो की चिन्हाची जागा रिकामी असेल तर थांबून विचारायचं असतं. आणि ताई गप्प राहिली तेव्हा मी विचारलं नाही, परस्पर उणे धरलं.

तुमची चूक एका ओळीची, आणि ती दोन दिवसांत झाली. माझी मी चोवीस वर्षं चालवली. तेव्हा ताईला सांगाल तेव्हा दोन्ही सांगा. नाहीतर असं करा, ही सगळी पत्रं तिच्या हातात द्या. तुम्हालाही तोंडाने सांगायला जमणार नाही आणि मलाही.

मी येऊ का, हे विचारायचं होतं. पण ते आता तिने ठरवायचं.

स्वल्पविराम

२७ मार्च

बाळ,

ह्यांनी पत्रांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि भाजी आणायला म्हणून जे गेले ते अडीच तासांनी आले, भाजी न घेता. तोवर सगळी पत्रं माझी दोनदा वाचून झाली होती.

शहाणे आहात दोघं. एकाने बोट दाखवलं, दुसऱ्याने पान लपवलं, आणि मधल्यामध्ये मला कोणी विचारलंसुद्धा नाही. तू दारात उभा होतास हे मला आज कळतंय. त्या दिवशी मी बोलले नाही, कारण छोटी मांडीवर नुकती झोपली होती आणि हे आधीच ओरडत होते. मी मनात म्हटलं, ओरडून घेऊ दे, उद्या दोघं परत एका टेबलाशी बसतील. माझ्या भावाने मुद्दाम असं केलं असेल हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. ते मोठ्याने बोलायला हवं होतं हे मला कुठे माहीत होतं? तू एक पाऊल आत टाकलं असतंस तर माझा चेहरा दिसला असता.

मी ह्यांच्यावर रागावले आहे. परवापासून बोलत नाहीये, आणि तुला सांगून ठेवते, आठवडाभर तरी बोलणार नाही. तुझ्यावर त्याहून जास्त रागावले आहे, कारण ह्यांना माहीत नव्हतं आणि तुला होतं. चूक कोणाची हे मला कधीच नको होतं रे. मला माझा भाऊ हवा होता. छोटीच्या शाळेचा पहिला दिवस, माझं ऑपरेशन, आई गेली तेव्हा तू तेवढा स्मशानातून परस्पर निघून गेलास, सगळ्या वेळी मी दाराकडे बघत होते.

तू येऊ नकोस. तू निघेपर्यंत आणखी चार वर्षं विचार करशील. मीच येते. गुरुवारी सकाळच्या गाडीने निघते, दुपारी तीनला पोहोचेन, आठ दिवस राहीन. छोटी सोडायला येते म्हणाली, मी नको म्हटलं. हेही येऊ का म्हणून विचारत होते. मी चिठ्ठीवर लिहून दिलं की मी परतल्यावर एकट्याने जा आणि मेहुण्याच्या पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढा.

गाडी पोहोचली की बाहेरच्या घड्याळाखाली उभी राहीन, गुडघ्यांमुळे फार चालवत नाही. आईच्या वेळी गर्दीत तू मला नीट पाहिलंही नव्हतंस, म्हणून आधीच सांगते. केस सगळे पांढरे झालेत आणि मी ते कापून टाकलेत. काळी वेणी शोधत बसू नकोस.

तुझी ताई